फक्त आईचं रक्त

"सुनेचंच रक्त घेतलासा म्हटल्यावर दोष तिच्यातच हाय की, अक्का!" बाजारकुणंगहून सुमनच्या सासूबाई फोनवर बोलत होत्या. रविवारी घरचे तिला खानापूरला माहेरी सोडणार होते. कायमचं.

मी बेळगावच्या एका हॉस्पिटलात जेनेटिक काउन्सेलर आहे. सुमनचा दोन वर्षांचा मुलगा अजून बसत नव्हता. रिपोर्टमध्ये त्याच्या चौथ्या क्रोमोसोमच्या टोकाचा तुकडा गायब होता, म्हणजे डिलीशन. आठव्याचा तुकडा जादा होता, म्हणजे डुप्लिकेशन. बहुतेक जीन्सच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एक गेली की त्या जीनचं प्रोटीन साधारण निम्मंच तयार होतं, तिसरी आली की जास्त. काही जीन्सचं त्यानं अडत नाही, काहींचं फार अडतं. आमटीत मीठ कमी पडलं तरी बिघडतं आणि जास्त झालं तरी.

दोन टोकांत एकदम गडबड दिसली, की आईच्या किंवा बापाच्या क्रोमोसोममध्ये तुकड्यांची अदलाबदल झालेली असू शकते. त्या माणसाकडे जीन्स सगळे असतात, फक्त जागा बदललेल्या. म्हणून तो धडधाकट असतो. मुलाला मात्र एक तुकडा कमी, एक जादा मिळू शकतो.

म्हणजे दोघांचंही रक्त हवं होतं. फॉर्मवर मी फक्त आईचं लिहिलं. सवय! मूल घेऊन आईच येते, हात पुढे तीच करते. सुमनचा रिपोर्ट अजून यायचा होता, आणि घरच्यांनी निकाल लावलासुद्धा.

शनिवारी सिस्टरला घेऊन जीपनं त्यांच्या घरी पोचले. नवरा परशुराम चिडला.

"मला काय झालंय? भाताचं पोतं एकट्यानं उचलतो मी."

"तरी तपासायला हवं. चूक माझी, तुमचं रक्त राहिलं. रिपोर्ट येईपर्यंत सुमन कुठं जाणार नाही."

"तुमी कोण सांगणार?" सासूबाई म्हणाल्या.

"चूक करणारी," मी म्हटलं. परशुरामनं बाही वर केली.

या तपासणीला पेशी जिवंत लागतात. परतताना जीपमध्ये दहादा पर्स उघडून नळी पाहिली. पुढचे दोन आठवडे माझं कशातच लक्ष नव्हतं.

सुमनचे क्रोमोसोम नॉर्मल निघाले. अदलाबदल परशुराममध्ये होती. मी तिघांना समोर बसवून सांगितलं: दोष कुणाचाच नाही, मुलाची फिजिओथेरपी सुरू करा, पुढच्या गरोदरपणात आधीच तपासणी करता येईल. मग तोवर एक शब्द न बोललेली सुमन सासूकडे वळली.

"आत्ती, आता ह्यांना कुठल्या माहेरी सोडायचं?"

सासूबाईंनी नातवाला मांडीवर ओढून घेतलं.

तेव्हापासून बापाची नळी भरल्याशिवाय मी आईच्या दंडाला पट्टा बांधू देत नाही.