ढमाबाईची लेक

माझ्या नणंदेला घरात सगळे टाचणी म्हणतात. शिवताना ओठांत टाचण्या धरायची सवय, आणि त्या काढल्या की जे बोलतात ते टोचतंच. तोंडावर मी वन्संच म्हणते, जिवाची भीती आहे मला.

नवरा मारकुटा निघाला तेव्हा वन्सं शिवणाचं मशीन उचलून घराबाहेर पडल्या. तो हुडकत येईल ही धास्ती मात्र बरोबर आली. दारावर पाटी नाही, दाराला दोन कुलपं, सोबतीला एक जाडी मांजर, ढमाबाई. नवा फोन घेतला तेव्हा नंबर दोघांनाच दिला, मला आणि बँकेला.

एका दुपारी मी त्यांच्याकडे टाके उसवत बसले होते. फोन वाजला. कुणी परका माणूस त्यांचं पूर्ण नाव घेऊन विचारत होता, "अजून त्याच गल्लीत राहता ना?"

वन्संनी फोन बंद केला. ओठांतल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या.

"वहिनी, नंबर कुणाला दिलास?"

"मी? मला माझा पाठ नाही, तुमचा कुठून देऊ?"

"दादाजवळ बोलली असशील. तुझ्या पोटात काही राहत नाही."

"तुमचा दादा माझं ऐकतो कधी!"

हसल्या नाहीत. पुढे मी गेले की फटीतून बघायच्या, दार उघडायच्या आणि मशीन दणदणा चालवायच्या. बोलायला नको म्हणून. उभ्या आयुष्यात माझ्यावर असा आळ कुणी घेतला नव्हता.

पुन्हा तोच फोन आला, तेव्हा मी समोरच होते. मला रंगेहाथ पकडायचं म्हणून वन्संनी फोनचा आवाज मोठा केला.

"बाई, विम्याचं बोलायचं होतं. आधी खात्री करतो. तुमच्या आईचं नाव ढमाबाई ना?"

चिंध्यांच्या ढिगावरून मांजरीनं मान वर केली.

वन्संचा चेहरा बघण्यासारखा झाला. खातं उघडताना बँकेतल्या माणसानं आईचं नाव विचारलं होतं. ‘माझ्या गेलेल्या आईशी याला काय करायचंय,’ असा संशय येऊन यांनी मांजरीचं नाव ठोकून दिलं. सासूबाईंचं खरं नाव मला ठाऊक. ढमाबाईला यांची आई समजणारी जगात एकटी बँकच!

तडक बँकेत गेलो.

"बाई, माहिती पुढे द्यायला तुम्हीच होकार दिलाय. खाली बारीक अक्षरात आहे," साहेब म्हणाले.

"मी गिऱ्हाइकांची मापं घेते. कुणाची कंबर किती ते शेजारणीला सांगत नाही. माझा होकार परत द्या. आणि कुणाकुणाला सांगितलंत ती नावं हवीत."

"तुमचा हक्कच आहे तो. अर्ज द्या, होकार आजच रद्द करतो. नावं फोनवर कळवतो."

"फोनवर नको!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

शिक्का मारलेली पोच घेऊनच वन्सं हलल्या. त्यांच्या नवऱ्यापर्यंत काही पोचलं नसेल असं मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली, पण वाटेत दोनदा मागे वळून पाहिलं.

घरी आल्यावर दोन्ही कुलपांच्या जोडकिल्ल्या माझ्या हातात दिल्या. माफी वगैरे त्यांच्या तोंडून निघायची नाही, टाचण्या आड येतात.

"दादाला सांगू नकोस."

"ढमाबाईची शपथ," मी म्हटलं.