कुसुमने पुसलेली द्राक्षं

मंडळी, कंटेनर रवाना झाला आणि मी आत्ता कुठे टेकले. पाय बोलतायत, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दिंडोरी रोडला आमचं पॅकहाऊस. सध्या एक्स्पोर्टच्या द्राक्षांचा सीझन जोरात. त्यात आज दोन बायका सुट्टीवर, आणि माझ्या टेबलावर सुरगाण्याहून नवीन आलेली कुसुम.

थोड्या वेळाने बघते तर तिच्या क्रेटमधले घड चकाचक! बाईने ॲप्रनच्या टोकाने एकेक मणी पुसला होता. द्राक्षावरची पांढरट झाक हीच त्याच्या ताजेपणाची खूण. ती गेली की माल बाहेर जात नाही. अख्खा क्रेट लोकल मार्केटला काढावा लागला.

"घरी पाहुण्याला फळ पुसूनच देतो ना, ताई," ती रडवेली झाली.

मॅनेजर ओरडले, "हिला झाडायला लावा. सीझनमध्ये शिकवायला वेळ कोणाकडे आहे?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "सर, सीझन संपल्यावर शिकवायला द्राक्षं कुठून आणू?"

तिला माझ्या बाजूला उभं केलं. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही. सुरुवातीला माझंच काम मागे पडलं. जेवण उभ्या उभ्या उरकलं. पण दुपारनंतर ती माझ्या बरोबरीने भरत होती, आणि कंटेनर वेळेत निघाला.

निघताना मॅनेजर म्हणाले, "उद्या अजून एक नवीन येतेय."

मी तोंड उघडायच्या आत कुसुम म्हणाली, "तिला माझ्या बाजूला उभी करा."

तुमच्याकडे नवीन माणूस आला की कोणाच्या बाजूला उभा करतात? तुमच्या का?