कावळ्याचा होकार

देवराममामा एमआयडीसीत फिटर. तीस वर्षं मशीनचे आवाज ऐकून त्यांना आता माणसाच्या खोकल्यावरूनही कळतं, वॉशर गेलाय की बेअरिंग. डोंबिवलीच्या चाळीत मी त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहतो. गेल्या भाद्रपदात मामांनी माजिवड्याला एक वनबीएचके बघितला आणि त्यांचं स्वतःचंच बेअरिंग गेलं.

फ्लॅट शीलाताईंचा. नवरा वारल्यापासून एकट्या, आता पुण्याला मुलीकडे निघालेल्या. मामांनी आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "पटतंय. पण पितृपक्षात मी शब्द देत नाही." त्यात एजंटने 'दुसरी पार्टी पण आहे' असं कानात सोडलं.

झालं! मामांनी पडद्यांची मापं घेतली. कपाट कुठे बसेल, हे चाळीत सगळ्यांना ऐकवून झालं. हौसेमागचं कारण एकच, केशरमामींचे गुडघे. चाळीचा संडास खाली, मागच्या बाजूला. सतरा पायऱ्या. मामी उतरताना एकेक मोजतात, आणि वर बसून मामाही मोजतात.

"तिकडे संडास घरात आहे रे! आणि वर लिफ्ट!" मामा मला रोज सांगायचे. राजवाड्याचं कोणी इतकं कौतुक केलं नसेल.

पितृपक्षातले दोन्ही रविवार ते माजिवड्याला 'सहज' जाऊन आले. एकदा शीलाताईंचा गळका नळ दुरुस्त करून आले.

"घर मिळालं नाही, मेंटेनन्स चालू," मी म्हणालो.

"तू गप रे."

नळाच्या पुण्याईने आमंत्रण आलं. मंगळवारी नवऱ्याची तिथी, जेवायला या. मामा अडकले. "आपण बौद्ध माणसं. श्राद्ध करत नाही."

"करायचंय कुठे? जेवायचंय," मामी म्हणाल्या. वड्यांचं नाव ऐकून मीही निघालो.

शीलाताईंनी गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं. भात, खीर, वडे. पाण्याच्या टाकीवर तीन कावळे बसलेले. पण पितृपक्षातले कावळे ते, दिवसाला दहा आमंत्रणं. एकही पानाला शिवेना. पंधरा मिनिटं झाली. माझ्या पोटात ओरडणारे कावळे मात्र तयार होते.

शीलाताईंनी हात जोडले. "अहो, काय राहिलंय तुमचं?" मग आवाज खाली आला. "घर विकणं आवडलं नाही वाटतं ह्यांना."

मामांचा चेहरा पडला. जन्मभर कावळा मानला नाही, आणि आता घर त्याच्याच चोचीत! पण फिटरचे डोळे ते. कावळे पानाकडे झेपावत होते आणि अर्ध्यातून वळत होते. मामांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. शेवटी राहवलं नाही.

"ताई, ती दोरीवरची चादर काढू का? फडफडतेय. भितायत ती पाखरं."

शीलाताईंनी चादरीकडे बघितलं, मग मामांकडे. "काढा."

मामांनी चादर काढली, घडी घातली. घडी काखेत जाते न जाते तोच एक कावळा उतरला आणि अख्खा वडा घेऊन उडाला.

"आला! आला! घेतला!" गच्चीवर सगळ्यात मोठ्याने ओरडले ते मामा.

शीलाताई डोळे पुसत हसल्या. "हे असते तर हेच म्हणाले असते. फडफड जराही सहन व्हायची नाही त्यांना." मग म्हणाल्या, "देवरामभाऊ, कागद घटस्थापनेला करू. पण शब्द आजच घ्या. घर तुमचं."

मामांनी हातातल्या चादरीची घडी मोडून पुन्हा घातली.

"काय हो," मामींनी कोपराने ढोसलं, "कावळा कधीपासून मानायला लागलात?"

"मानत नाही. पण काम चांगलं करतो."

घटस्थापनेला सह्या झाल्या. पेढ्यांचा पुडा घेऊन मामा आधी गच्चीवर गेले आणि एक पेढा कठड्यावर ठेवला.

"हे काय मामा?" मी विचारलं.

"श्राद्ध-बिद्ध काही नाही हां! शेजारी आहे आता आपला."

मागून मामी आल्या. लिफ्टने, एकही पायरी न मोजता.