मामाचं सरपण

भाचीच्या लग्नाचं सरपण मामानं न्यायचं, म्हणून मी वठलेल्या आंब्याचे ओंडके टेंपोत घालून कोरेगावहून खंडाळ्याला बहिणीकडे निघालो होतो. पिशवीत ‘झाडे वाचवा’ची पत्रकं होती.

चहाच्या टपरीपाशी एका अनोळखी म्हाताऱ्यानं टोपी काढून एका ओंडक्याला कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग सरपण कुठं चाललंय ते विचारलं; मी बहिणीचं नि लग्नाचं सांगितलं.

“खोडकिडा हाय आत. कुरतडतोय. भनीच्या दारात आंबा हाय का?”

“वीस कलमं आहेत. पण हे जळणारच आहे.”

“लगीन कवा?”

“पंधरा दिवसांनी.”

“तवर किडा काय पत्रिकेची वाट बघत बसंल व्हय रं?”

आम्ही सगळे ओंडके तिथंच माळावर जाळले. पेटवायला त्यानं माझीच पत्रकं घेतली.

रिकाम्या हातानं लग्नाला आलेल्या मामाशी बहीण अजून बोलत नाही. कलमं यंदाही मोहरली.