गठ्ठ्याच्या तळातली लिफ्ट

लिहायचा मला सराव नाही. एका मासिकाच्या कचेरीत तीस वर्षं टपाल फोडलं, दुसऱ्यांचं लिहिलेलं पाकिटातून बाहेर काढलं, एवढाच माझा साहित्याशी संबंध. हे लिहितोय, कारण यात थोडी चूक माझी आहे आणि ती दुसरं कोणी लिहिणार नाही.

कचेरी चौथ्या मजल्यावर होती. लिफ्टची देखभाल करायला दर महिन्याला एक मेकॅनिक यायचा. त्याला सगळे वरखाली म्हणत. आमच्या संपादक, म्हणजे बाई, यांना तो फक्त लिफ्ट अडकली की आठवायचा.

वरखाली विज्ञानकथा लिहितो हे मला पाकिटावरून कळलं. कोपऱ्यात ग्रीसचा अंगठा उमटलेला. मासिकात छापलेलं असायचं, ‘साहित्य फक्त टपालाने पाठवावे.’ म्हणून हा गृहस्थ हातात पाना घेऊन आमच्या दारात उभा राहिला आणि कथा मात्र खालच्या टपालपेटीत टाकून गेला. दोन दिवसांनी ती त्याच्याच लिफ्टमधून वर आली.

कथा मी वाचली. पाकीट फोडणाऱ्याला कोण अडवणार? साल दोन हजार साठ. एका इमारतीतली लिफ्ट बोलते. मजले सांगता सांगता ती माणसं ओळखायला लागते, आणि नवरा गेलेल्या म्हाताऱ्या बाईला एक दिवस विचारते, “आज एकट्याच?”

मला आवडली. पण माझ्या आवडीला कोण विचारतो?

आता आमची पद्धत सांगतो. आलेलं टपाल मी गठ्ठ्यावर ठेवायचं आणि बाईंनी वरून उचलायचं. वरचं वाचून होईपर्यंत त्यावर नवं येऊन पडायचं. त्यामुळे परवा आलेल्याला आठवड्यात उत्तर जायचं आणि जुनं खाली खाली दबत जायचं. वरखालीची कथा आली तेव्हा बाई रजेवर होत्या. ती जी दबली ती दबलीच. मला तो ग्रीसचा ठसा रोज दिसायचा. हात घालून वर ओढणं दोन सेकंदांचं काम. पण मला वाटायचं, हा वशिला होईल. गठ्ठा उलटा करा, असं बाईंना सांगायचं तर मी कोण?

तो दर महिन्याला विचारायचा, “बाईंचं काम जोरात?”

“जोरात,” मी म्हणायचो. एवढंच.

एकदा मी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलो. वरखाली लिफ्टच्या छपरावर चढून खटपट करत होता. तोंडं दिसत नव्हती म्हणून असेल, आम्ही दोघंही बोललो.

“दुसऱ्या मासिकाला का नाही पाठवत?” मी छपराला विचारलं.

“नियम आहे ना. एकाकडून उत्तर आल्याशिवाय दुसरीकडे पाठवायची नाही.”

“तुमची पाच वर्षं झाली.”

“वाचत असतील.” पाना घसरल्याचा आवाज आला. “आमच्या हिचंही अडलंय. ती शाळेत शिकवते. म्हणते, दिवसभर पोरांचं अक्षर वाचून डोळे फुटतात, घरी तुमचं नको. छापून आणा, मग वाचते. मला बाकी कोणी नाही वाचली तरी चालेल हो.”

लिफ्ट हलली आणि मी टपाल घेऊन चौथ्यावर उतरलो.

आणखी चार वर्षं गेली. दरम्यान कंपनीने त्याच्याच हातून आमच्या लिफ्टमध्ये बोलणारं यंत्र बसवलं. ‘चौथा मजला. दार उघडत आहे.’ बसवताना वरखाली माझ्याकडे बघून असा हसला, की मी उगाच टपालाची कात्री शोधायला लागलो.

मग कचेरीला रंग काढला. रंगाऱ्यांनी गठ्ठा उचलून गॅलरीत नेला आणि परत आणून ठेवला तो उलटा. माझ्याच्याने नऊ वर्षांत झालं नाही ते रंगाऱ्यांनी एका दुपारी केलं.

बाईंनी वरचं पाकीट उचललं. वाचता वाचता हसल्या.

“अहो, हा तर लिफ्टमध्ये काम करणारा माणूस दिसतोय! काय जिवंत लिहिलंय. आपल्या ‘कामाच्या जागेवरून’ सदरात घ्या. साल मात्र चुकलंय बिचाऱ्याचं, तेवढं काढून टाका.”

मी म्हणालो, “बाई, ती…”

“काय?”

“काही नाही. काढतो.”

साल मी माझ्या हाताने काढलं. विज्ञानकथा अनुभव म्हणून छापून आली. वर चौकट होती, ‘एका श्रमिकाचे प्रांजळ कथन’.

अंक द्यायला मी स्वतः त्याच्या घरी गेलो. टपालाने पाठवायची हिंमत झाली नाही. त्याने चौकट वाचली, मान हलवली आणि म्हणाला, “छापली हे काय कमी आहे?” पण अंक त्याने टेबलावर पालथा ठेवला.

वहिनी उत्तरपत्रिका तपासत होत्या. “छापून आलं? आणा इकडे.” लाल पेन हातात तसंच. आम्ही दोघं भिंतीला टेकून निकालाला आल्यासारखे उभे. मी गठ्ठ्याची सगळी हकिकत सांगून टाकायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या थांबल्या.

“अहो, हे काय? लिफ्ट विचारते, आज एकट्याच?”

“हो.”

“लिफ्ट असं कधी विचारते का? मजला सांगते आणि गप्प बसते. आणि वर लिहिलंय प्रांजळ!” त्यांनी त्या ओळीखाली लाल रेघ ओढली. “साफ खोटं आहे हे. तुम्ही मनाने रचलंय.”

“हो,” वरखाली म्हणाला. नऊ वर्षांत त्याचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. “सगळं मनाने रचलंय.”

“मग पुढे काय होतं त्या म्हातारीचं?” असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

गठ्ठ्याचं मी त्या दिवशी बोललो नाही. आता लिहिलं आहे. वरखालीला दाखवीन म्हणतो. पण माझंही अक्षर वाईट आहे.