अडतिसावा फोटो

तुळिंजच्या आमच्या फोटो स्टुडिओत मेहुणा माझा भागीदार होता. लग्नांचे फोटो काढून जीव विटला, तेव्हा नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही दोघं व्हॅन घेऊन कच्छच्या छोट्या रणात गेलो. वाफेची इंजिनं बंद पडायच्या आत मला ती कॅमेऱ्यात हवी होती.

सकाळभर मी रुळांच्या कडेने व्हॅन पळवली आणि त्याने फोटो काढले. पांढऱ्या मिठातून ते काळं इंजिन धूर ओकत धावत होतं. पाणी भरायला ते एका स्टेशनात थांबलं. छत्तीस फोटोंचा रोल संपला होता, सदतिसावाही निघाला होता. मेहुण्याने अडतिसाव्या फोटोसाठी फिल्म पुढे सरकवायचा खटका जोरात ओढला आणि आत फिल्म तुटली. घाबरून त्याने भर उन्हात कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. ऊन लागून सगळा रोल गेला.

मी ट्रायपॉड उचलून त्याच्या तोंडावर हाणला. नाक फुटलं. तो पालथा पडल्यावर पाठीवर बसून मी त्याचं रक्ताळलेलं तोंड मिठात घासलं. मी नायगावच्या मिठागरात वाढलोय. फाटलेल्या कातडीत मीठ गेलं की काय आग होते, ते बापाच्या पायांकडे बघून मला माहीत होतं. म्हणूनच घासलं. इंजिनचा ड्रायव्हर फावडं उगारून धावला, तेव्हा कुठे मी उठलो.

छत्तीसच्या रोलमधून अडतीस फोटो ओढायला मेहुण्याला मीच शिकवलं होतं. पहिल्याच लग्नात तो छत्तीसवर थांबला म्हणून, चारचौघांत कानफटात मारून.