बाजूच्या रांगेतला निरोप

"माझ्या हातून रोज हजारो लोकांचे निरोप जातात आणि त्यातल्या एकाचंही नाव मला ठाऊक नसतं, पगार त्याचाच मिळतो," असं सुचित्रा एकदा म्हणाली होती.

भोईवाड्यातल्या चाळीत ती एकटी राहते. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली टेबल, टेबलावर लॅपटॉप. पडदा काळा, त्यावर नुसती अक्षरं. मजकूर लिहायच्या साध्या एडिटरमधूनच ती कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवरच्या रांगा सांभाळते. इस्पितळं निरोप रांगेत टाकतात, पाठवणारं यंत्र ते एकेक उचलून पेशंटच्या फोनवर धाडतं. रांगेची किल्ली कुलूपबंद फाइलमध्ये असते आणि त्या फाइलचा पासवर्ड फक्त सुचित्राच्या डोक्यात. तो तिने कुठेच लिहिलेला नाही. निरोप उघडला तर पडद्यावर लोकांचे आजार दिसतात म्हणून काम करताना ती दार लावून घेते.

चाळीत दिवसा दार लावतं ते नवं जोडपं, नाहीतर भांडणारं. शेजारच्या आनंदीबाई गॅलरीतून हटकून विचारत, "सोन्याच्यो पाटल्यो घडवतंस काय गो आत बसान?" सुचित्रा आतूनच हसे.

यंदा त्या चेष्टा थांबल्या. त्यांचे यजमान बाबुराव, जुने गिरणी कामगार, यांच्या अन्ननळीत गाठ निघाली. आता पेजसुद्धा उतरेना. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बेड रिकामा झाला की फोनवर निरोप येईल. दिलेल्या वेळेत आलात तर ऑपरेशन, नाहीतर बेड पुढच्याला. आणि पुन्हा नंबर लागेपर्यंत ऑपरेशन करण्यासारखं काही उरेल, याची खात्री त्यांनी दिली नव्हती.

आनंदीबाई फोन पदरात बांधून फिरू लागल्या. येताजाता तो सुचित्रापुढे धरून विचारत, इलो काय गो निरोप? निरोप सुचित्राच्याच रांगेतून जाणार, हे त्यांना माहीत नव्हतं. तिने सांगितलं नव्हतं. निरोपातलं बाहेर बोलला म्हणून तिच्या ऑफिसातल्या एकाला मागे बोलला त्याच दिवशी घरी बसवलं होतं.

त्या सकाळी पाठवणारं यंत्र रेंगाळत होतं आणि रांग तुंबली होती. सुचित्राने आयुष्यात पहिल्यांदा एक निरोप उघडला, मग दुसरा. कितीतरी परक्यांचे उघडल्यावर बाबुरावांचं नाव दिसलं. बेड राखून ठेवला आहे, दुपारी दोनपर्यंत दाखल व्हावे.

ती उठून दारापाशी गेली. कडीवर हात ठेवून उभी राहिली. मग परत आली. निरोप जाईलच, आता जाईल, आपण कशाला तोंड उघडायचं. थोड्या वेळाने तिने पुन्हा उघडून पाहिलं. तिथेच होता. आणखी थोड्या वेळाने पुन्हा.

रांगेतला निरोप कुणी उघडला की काही वेळ तो बाकी सगळ्यांपासून लपतो, पाठवणाऱ्या यंत्रापासूनही. आणि तीनदा उघडूनही पोचला नाही, तर तो बिघडलेला समजून बाजूच्या रांगेत टाकला जातो. तिथून कुणी हाताने काढला तरच निघतो. हे सुचित्राला पाठ होतं. नव्या लोकांना तीच शिकवायची. पण त्या सकाळी ती काम करत नव्हती, वाट बघत होती. चौथ्यांदा पाहिलं तेव्हा निरोप जागेवर नव्हता. गेला, असं ती स्वतःशी म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. बंद दाराआड तिला वाटत राहिलं, शेजारची खोली एव्हाना रिकामी झाली असेल.

संध्याकाळी बाजूची रांग साफ करायला घेतली, तर पहिलं नाव बाबुरावांचं. तिने इस्पितळाला फोन लावला. बेड अडीचलाच दुसऱ्याला दिला होता. तिथल्या बाईंनी आवाज न चढवता सांगितलं, नव्याने नंबर लावा. तिने ऑफिसात सौमित्र या आपल्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, तू निरोप उघडलेसच का, हे आधी लेखी दे. आणि अडकलेले सगळे आत्ताच्या आत्ता पुढे सोड, नियम आहे. तिने सोडले. कळ दाबली तेव्हा तिला भिंतीपलीकडे फोन वाजलेला ऐकू आला.

दारावर थाप पडली. आनंदीबाई चष्म्याविना, फोन पुढे करून. मागे गॅलरीत बाबुराव उभे, एका हाताने कठडा धरून.

"इलो गो बाय. निरोपच मा ह्यो? वाच बघू."

सुचित्राने फोन हातात घेतला. वाचला. दुपारी दोनपर्यंत दाखल व्हावे. लॅपटॉप मागे उघडाच होता, अक्षरं दिसत होती, दार सताड.

"त्यांका धुतलेलो सदरो घालूक सांगतलंय," आनंदीबाई म्हणाल्या. "किती वाजता जावचा?"

सुचित्राने फोन त्यांच्या ओंजळीत ठेवला, ती दोघांच्या मधून वाट काढत जिन्याकडे गेली आणि खाली उतरली.